संध्याकाळचे पाय

माझं नाव स्वाती. वय एकतीस. रायपूरच्या गुढियारीत आईबाबांसोबत राहते आणि घरीच दहावी-बारावीच्या मुलांना गणित शिकवते. ज्यांच्या घरात सकाळी चालणारं आणि संध्याकाळी न चालणारं एखादं मूल आहे, त्यांच्यासाठी मी हे लिहीत आहे. अशी घरं फार नसतील. पण जी असतील तिथे मोठ्यांना वाटत असेल की मूल नाटक करतंय. आणि हळूहळू मुलालाही तसंच वाटायला लागलं असेल. मला वाटायला लागलं होतं.

चौथीत असताना माझा उजवा पाय आत वळायला लागला. टाच जमिनीला टेकायची नाही, मी चवड्यावर चालायचे. आईला वाटलं चप्पल लहान झाली, म्हणून तिनं नवीन आणली. सहा महिन्यांत डावा पायही तसाच व्हायला लागला. पण हे सगळं दिवस वर आल्यावर. सकाळी सातच्या शाळेला मी दप्तर पाठीवर घेऊन बाकीच्या पोरींसारखी चालत जायचे. अकराच्या सुमारास पोटऱ्या लाकडासारख्या व्हायच्या. शाळा सुटली की भिंत धरून घर, आणि संध्याकाळी मोरीपर्यंत जायचं तरी आईचा खांदा लागायचा. झोपून उठलं की पाय पुन्हा मोकळे.

डॉक्टर बरेच झाले. एकानं सांगितलं, जन्माच्या वेळी मेंदूला प्राणवायू कमी पडला असेल. एकानं टाचेची शीर आखडली आहे म्हणून तेराव्या वर्षी ऑपरेशन केलं. त्यानंतर दोन महिने प्लास्टर, आणि पाय होता तसाच. एकानं आईला बाहेर बसवून मला विचारलं की शाळेत कुणी रागावतं का, घरी कुणी मारतं का. त्यानं चिठ्ठीवर झोपेची गोळी लिहून दिली. आम्ही सगळीकडे सकाळच्या ओपीडीत जायचो, कारण नंतर मला नेणं अवघड व्हायचं. त्यामुळे माझी संध्याकाळ एकाही डॉक्टरनं कधी पाहिलीच नाही. हे आता लक्षात येतं.

बाबा रेल्वेच्या मालगोदामात कारकून होते. दिवस हमाल, मालगाडीच्या वाघिणी आणि मालाच्या पावत्या, म्हणजे बिल्ट्या, यांत जायचा, सहाला घरी यायचे. माणूस वाईट नव्हता, थकलेला होता. मी अकरा वर्षांची असताना एका संध्याकाळी त्यांनी मला समोरच्या दुकानातून साखर आणायला सांगितलं. आई म्हणाली, मी जाते. बाबा म्हणाले, नाही, तीच जाईल.

"सकाळी शायेत चालत गेली ना? मंग आता काहून नाही?"

मी गेले. रस्त्याच्या मधोमध पडले. एका हातठेलेवाल्यानं ठेला थांबवला. मी वळून पाहिलं तर बाबा दारात उभे होते आणि पाहत होते. ते आले, पण लगेच नाही आले. मग उचलून घरात नेलं. त्या संध्याकाळबद्दल आमच्या घरात पुढे कुणीच काही बोललं नाही.

सकाळचं आयुष्य

माणूस कशालाही सरावतो. मी माझं सगळं आयुष्य सकाळी बसवलं. कॉलेज सकाळचं घेतलं. परीक्षा दुपारच्या पाळीत आली की आधी दोन तास झोपून जायचे. झोपेनं थोडा वेळ पाय उसने मिळायचे. बी.एस्सी. झाल्यावर शिकवणीची पहिली तुकडी सहाला आणि शेवटची दहाला बसवली. लग्नाची गोष्ट दोनदा निघाली. पाहुणे सकाळी आले, मी चहा घेऊन नीट चालत बाहेर आले, सगळं ठरत आलं. दोन्ही वेळा आईनंच नंतर फोन करून खरं सांगितलं. मला तिचा राग आला नाही. संध्याकाळ लपवून संसार होत नाही.

अठ्ठाविसाव्या वर्षी माझ्या अपंगत्वाच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. नव्या कार्डासाठी पुन्हा तपासणी होती, म्हणून एका सभागृहात भरलेल्या शिबिरात बाबा मला घेऊन गेले. माझा नंबर साडेनऊलाच लागला.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी मला दारापर्यंत जाऊन परत यायला सांगितलं. मी जाऊन आले. ते म्हणाले, आप तो चल रही हैं. मी सांगितलं की सर, संध्याकाळी नाही चालता येत. मागच्या रांगेतून कुणी तरी हसलं. डॉक्टर काही उद्धट नव्हते. त्यांनी शांतपणे सांगितलं की फॉर्मात सकाळ-संध्याकाळ असा रकाना नाही.

बाबा म्हणाले, चल घरी. माझ्या डोक्यात मात्र काय शिरलं कोण जाणे. इतकी वर्षं मी मुकाट्यानं घरी गेले होते.

"मी इथंच बसते चार वाजेपर्यंत," मी म्हटलं. "मंग पाहू द्या त्याईले."

बाबांनी आजूबाजूला पाहिलं, मग माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसले.

एक प्रश्न

सभागृहाच्या कोपऱ्यात एका लहान टेबलाशी एक बाई बसल्या होत्या. पन्नाशीच्या, सुती साडी, पायांत खेळायचे बूट. त्या प्रमाणपत्र देणाऱ्यांपैकी नव्हत्या. त्या डॉ. साहू. शहरातल्या एका सरकारी इस्पितळात मेंदूच्या आणि शरीराच्या रसायनांच्या आनुवंशिक आजारांवर संशोधन करत होत्या. अशा शिबिरांत येऊन बसायच्या आणि एकाच घरात दोन आजारी माणसं दिसली की नाव-गाव लिहून घ्यायच्या. हे मला नंतर कळलं. तेव्हा इतकंच दिसलं की माझं 'शाम को' ऐकून त्यांनी मान वर केली होती.

दुपारी एकच्या सुमारास त्या माझ्याजवळ येऊन बसल्या. त्यांनी पाय पाहिले नाहीत, टाचेवरची ऑपरेशनची खूणही पाहिली नाही. विचारलं,

"सोकर उठती हो तो ठीक हो जाता है?"

एकोणीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी मान हलवली. मग त्यांनी बाबांना विचारलं, घरात आणखी कुणाला पायांचा त्रास आहे का. बाबा म्हणाले, कुणालाच नाही. आईला? बाबांनी जरा आठवून सांगितलं की तिला दुपारनंतर पोटऱ्यांत गोळे येतात, बाकी काही नाही. डॉ. साहूंनी वहीत काही तरी लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

चार वाजता मी पुन्हा त्या डॉक्टरांसमोर उभी राहिले. उजवा पाय आत वळलेला, टाच वर, गुडघे एकमेकांना घासत. चार पावलं टाकली आणि टेबल धरलं. त्यांचा पेन थांबला. सभागृहात हसणारं आता कुणी नव्हतं. त्यांनी सहीसाठी कागद पुढे ओढला. डॉ. साहू शेजारी उभ्या होत्या. त्या त्यांना म्हणाल्या की सही करा, पण वर्षभरात कदाचित हे रद्द करावं लागेल.

मला ती धमकी वाटली. घरी येईपर्यंत मी बाबांजवळ कुरकुर करत होते.

गोल आणि चौकोन

पुढच्या आठवड्यात त्यांनी आईलाही इस्पितळात बोलावलं. एका मोठ्या कागदावर आमचं घराणं काढलं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन. माझा गोल त्यांनी काळा केला. मग आईला विचारत बसल्या. लिहिताना हात आखडतो का? संध्याकाळी जिना चढवतो का? आई आधी नाही नाही म्हणत राहिली. मग तिला तिची आई आठवली. आजी दोन्ही वेळचा स्वयंपाक दुपारच्या आत उरकायची आणि मग पाटावर बसून राहायची. सासरचे तिला आयुष्यभर आळशी म्हणाले. डॉ. साहूंनी आजीच्या गोलावर तिरप्या रेघा मारल्या, मग आईच्याही.

आई कागदाकडे पाहत होती. ती शिकलेली फार नाही, पण वरून खाली येणारी ती रेघ तिला वाचता आली.

"म्हणजे हे माह्याकडून आलं पोरीले," ती म्हणाली.

डॉ. साहू छत्तीसगढी माणूस, घरी मराठी बोलत नव्हत्या, पण त्यांना समजलं. इतक्या वर्षांत डॉक्टरांनी आईला दिलेली उत्तरं मी ऐकली होती. तुमचा दोष नाही, नशीब आहे, देवाची मर्जी. साहू मॅडम तसं काही बोलल्या नाहीत.

"हव, आप ही से आया है. और अगर आपके पैर नहीं अकड़ते, तो मैं इसको पकड़ती कैसे?"

आई त्यांच्याकडे पाहत राहिली. त्या दिवसापासून तिचं स्वतःला बोल लावणं एकदम थांबलं असं नाही, पण पोटऱ्यांतले गोळे ती लपवेनाशी झाली.

आजार त्यांनी आम्हाला घरच्या नळाचं आणि टाकीचं उदाहरण देऊन सांगितला. नसांना हुकूम पोचवायला शरीर एक द्रव्य बनवतं. माझ्या शरीरात ते बनवणारा नळ जन्मतःच बारीक. रात्रभरात टाकी भरते, दुपारपर्यंत संपते. नळ मोठा करता येत नाही, पण ते द्रव्य गोळीतून बाहेरून देता येतं. कंपवात झालेल्या म्हाताऱ्या माणसांना देतात तीच गोळी. शेवटी म्हणाल्या की माझा अंदाज चुकीचाही असू शकतो, पण ते चार दिवसांत कळेल, वर्षं लागणार नाहीत.

मी बरीच औषधं खाल्ली होती. आशा ठेवायची सवय मोडली होती. त्या रात्री मी आईला सांगून टाकलं की पाचव्या दिवशी आपण घरी येऊ आणि कुणी रडायचं नाही.

वॉर्डात

इस्पितळात दिवस फार लवकर सुरू होतो. सहाला फिनाइलचा वास, मग ताप पाहणारी सिस्टर, मग चहा. सात, अकरा, चार आणि पुन्हा सात वाजता एक शिकाऊ डॉक्टर मोबाईल घेऊन यायची आणि व्हरांड्यात माझं चालणं टिपायची. व्हरांड्यात माझ्या पलंगापासून पाण्याच्या मशीनपर्यंत साठ फरशा होत्या. पहिल्या दिवशी गोळी नव्हती, नुसतं पाहायचं होतं. सकाळी साठ जाऊन साठ परत आले. संध्याकाळी सातला पाच फरशांवर थांबले.

शेजारच्या पलंगाजवळ बलौदाबाजारकडची एक बाई आपल्या लकवा झालेल्या सासूपाशी बसून असायची. मी फरशा मोजत निघाले की ती मागून म्हणायची, "रेंग ले, नोनी." चाल, पोरी. मी परत फिरले तरी तिच्या तोंडी तेच.

दुसऱ्या दिवशी नाश्त्यानंतर गोळीचा चौथा हिस्सा दिला. तासाभरात पोट ढवळलं. मनात म्हटलं, झालं, हेही औषध अंगाला लागणार नाही. त्या संध्याकाळी बावीस फरशा चालले. शिकाऊ डॉक्टर खूश झाली. मी झाले नाही. चांगला दिवस अधूनमधून आधीही यायचा आणि दुसऱ्या दिवशी व्याजासकट वसूल करायचा.

तिसऱ्या दिवशी अर्धी गोळी दिली. संध्याकाळी सातला दहा मिनिटं कमी होती. तहान लागली म्हणून मी बाटली उचलली, मशीनवर जाऊन भरली, परत येऊन स्टुलावर ठेवली आणि झाकण लावलं. झाकण लावताना लक्षात आलं की आपण उभ्या आहोत. भिंत धरली नव्हती. कुणाचा खांदाही नव्हता. आणि टाचेला थंडी लागत होती. संध्याकाळची फरशी माझ्या टाचेला नवव्या वर्षानंतर पहिल्यांदा लागत होती.

मी खाली पाहिलं. दोन्ही पाय सरळ, शेजारी शेजारी, जसे कुणाचेही असतात.

बलौदाबाजारच्या बाईनं विचारलं, काय झालं. मी पुन्हा चालायला लागले. साठ फरशा गेले, साठ परत आले, पुन्हा गेले. शिकाऊ डॉक्टर मोबाईल घेऊन आली तेव्हा माझी चौथी फेरी चालू होती. ती टिपायचं विसरून तशीच उभी राहिली. तिनं डॉ. साहूंना फोन लावला. त्या घरी पोचल्या होत्या, तरी परत आल्या. मला दोनदा चालवलं, तळपायावर किल्ली ओढून पाहिली, हात उघडझाप करायला लावले. चेहऱ्यावर काहीच नाही. मग चष्मा काढून पुसला, आणि पुसतच राहिल्या.

बाबा तेवढ्यात डबा घेऊन जिन्यातून वर येत होते. मी जिन्याच्या तोंडाशी उभी होते. त्यांना म्हटलं, बाबा, डबा राहू द्या, खाली चहा प्यायला चला.

जिना उतरताना ते दोन पायऱ्या मागे होते, दोन्ही हात पसरून, मी पडले तर झेलायला. मी पडले नाही. फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही उभ्यानं चहा घेतला. बाबांनी दोन घोट घेतले. मग ग्लासात पाहत म्हणाले,

"त्या दिवशी मी तुले साखर आणायले पाठवलं होतं."

मला वाटलं होतं ते विसरले. सतरा वर्षं झाली होती.

"मले वाटे, तू बहाणे करून राहिली."

"मलेही तसंच वाटे, बाबा," मी म्हटलं.

त्यांनी ग्लास खाली ठेवला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. टपरीवाल्याला ते दृश्य विचित्र वाटलं असेल. अठ्ठावीस वर्षांची पोरगी आणि तिचा म्हातारा बाप, चहा पिता पिता रडताहेत.

राग

हा भाग लोक सांगत नाहीत, म्हणून मी सांगते. पहिले आठ दिवस मी हवेत होते. संध्याकाळी जुन्या शहरातल्या ब्राह्मणपाऱ्याच्या गल्ल्यांतून उगाच फिरायचे, दुकानांचे दिवे लागताना पाहायचे. मग एका सकाळी राग आला आणि तो जाईना. गुढियारीतल्या कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळणारी गोळी. माझी शाळेची सहल, पोहणं, ते दोन पाहुणे, प्लास्टरमधला उन्हाळा, सगळं त्या गोळीच्या आधी संपून गेलं होतं. आईवर कारण नसताना ओरडले. बाबा बोलायला आले तर दार लावलं.

डॉ. साहूंना सांगितलं तेव्हा त्यांनी माझी समजूत काढली नाही. त्यांच्या ओपीडीत एक सकाळ नुसतं बसायला सांगितलं. तिथे एक बाप दोन मुलांना घेऊन आला, एक कडेवर आणि एक चाकाच्या खुर्चीत. मॅडमनी त्याला आजाराचं नाव सांगितलं, तो घरात कसा आला ते कागदावर काढून दाखवलं. त्यानं विचारलं, औषध? त्यांनी त्याच्या डोळ्यांत पाहून सांगितलं, आज नाही आहे. तरी पुढची अर्धी सकाळ त्या त्याच्याशी बोलत होत्या. मुलांना कसं बसवायचं, घास कसा भरवायचा, फुप्फुसात अन्न जाऊ नये म्हणून काय करायचं.

तो गेल्यावर त्या मला म्हणाल्या की त्यांच्या वहीतली बहुतेक माणसं अशीच आहेत. आजाराला नाव देता येतं, पुढे काही देता येत नाही. माझ्यासारखी मोजकी. म्हणाल्या,

"ग़ुस्सा करो, ज़रूर करो. पर उसको किसी काम में लगाओ."

आणि त्यांनी माझ्या घराण्याचा कागद काढून एका गोलावर बोट ठेवलं. आईच्या भावाची, माझ्या गोंदियाच्या मामाची नऊ वर्षांची मुलगी, रिद्धी. गोलात प्रश्नचिन्ह होतं.

गोंदिया

माझा आणि आईचा रक्ताचा अहवाल आला, त्यात मॅडमचा अंदाज खरा निघाला. आईनं मामांना फोन केला. रिद्धी दोन वर्षांपासून खेळताना पडते हे मामीनं पूर्वी बोलता बोलता सांगितलं होतं. मामा तांदळाच्या गिरणीत हिशेबनीस, सरळ माणूस, पण त्या दिवशी बिथरले. म्हणाले की आमच्या पोट्टीला काही झालेलं नाही, तुमच्या घरचं तुमच्याजवळ ठेवा. आई फोन ठेवून स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नुसता नळ सोडून उभी राहिली.

मामा निर्दय नव्हते. कागदावर आनुवंशिक असं लिहिलं गेलं की उद्या पोरीला कोण करून घेणार, ही त्यांची भीती होती. मामीनं त्यांना न सांगता मला दोन व्हिडिओ पाठवले. एकात सकाळी रिद्धी दोरीवर उड्या मारत होती. दुसऱ्यात संध्याकाळी भिंत धरून चवड्यांवर चालत होती. मी ते पाहिले आणि मोबाईल उलटा ठेवला. ते माझेच पाय होते.

मॅडम म्हणाल्या, वडिलांच्या मर्जीशिवाय मी मुलीला हात लावणार नाही. त्यांना तू समजाव.

मग मी दुपारच्या गाडीत बसले. एकटी. कुणाला कळवलं नाही. साडेसहाला गोंदियाला उतरले, पूल चढले, उतरले, रिक्षा केली. मामांचं घर तिसऱ्या मजल्यावर. जिना चढून दार वाजवलं तेव्हा सात वाजून गेले होते. मामांनी दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि मग माझ्या मागे पाहिलं.

"कोणं आणलं तुले?"

"मीच आली, मामा."

त्यांनी वळून भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. लहानपणापासून त्यांनी मला संध्याकाळी उचलूनच नेलेली पाहिली होती. कित्येकदा त्यांनीच उचललं होतं. ते बाजूला झाले, मी चालत आत गेले.

रिद्धी जमिनीवर टीव्ही पाहत बसली होती. मला पाहून तिला उठायचं होतं. उठता येईना, म्हणून हसून सरकत सरकत माझ्यापाशी आली.

जेवणं झाल्यावर मामा गॅलरीत येऊन उभे राहिले.

"मंग माह्याकडूनच गेलं म्हणतेस हे तिले?"

"हो, मामा. तुमच्याकडूनच गेलं असंल. पण आता गोळी आहे. माह्या आईबाबांच्या हाती ती नव्हती."

ते खाली रस्त्याकडे पाहत राहिले. मग विचारलं, तुला किती वर्षं लागली. एकोणीस, मी सांगितलं. रिद्धीला दोन झाली होती, ते त्यांना माझ्याकडून ऐकायची गरज नव्हती.

"सकाळी रायपूरची गाडी किती वाजता हाय?" ते म्हणाले.

आता

रिद्धीला गोळीचा अगदी लहान तुकडा पुरला. दुसऱ्याच संध्याकाळी ती व्हरांड्यात धावली आणि सिस्टरनं तिला रागावलं. इस्पितळात पोर धावलं म्हणून बोलणी खाताना पाहून मामा बाकावर बसून हसत होते आणि रुमाल शोधत होते. त्यांचं रक्तही तपासलं. दोष त्यांच्यातही आहे, त्रास मात्र कधी झाला नाही. पुरुषांना पुष्कळदा होत नाही, असं मॅडमनी सांगितलं. आईनंही गोळी सुरू केली. साठीच्या वयात ती आता संध्याकाळी ओट्यापाशी उभी राहून भाकरी थापते. आजीला आळशी म्हणणारं आज कुणी जिवंत नाही, नाही तर आई त्यांना गाठून हिशेब विचारणार होती.

सगळं जादूसारखं झालं असं मी म्हणणार नाही. माझ्या ऑपरेशन केलेल्या टाचेची शीर कमजोर राहिली, त्या पायाचा व्यायाम अजून करते. फार दगदग झाली की थोडं लंगडते. गोळी बहुधा जन्मभर आहे. एका लग्नात दोन वेळा घ्यायची विसरले तर वरात निघताना पाय आत वळायला लागला, आणि भीतीनं अंगाला दरदरून घाम सुटला. ती भीती पूर्ण जात नाही.

अपंगत्वाचं कार्ड परत करायला गेले तर खिडकीतल्या बाबूला कळेना की हे परत कसं घेतात. त्यानं वरच्या साहेबांना विचारलं, त्यांनी आणखी वरच्यांना. शेवटी एका साध्या कागदावर अर्ज लिहून घेतला. मी शिकवणीची नवी तुकडी सुरू केली आहे, संध्याकाळी साडेसहाची, आणि फळ्यापाशी उभी राहून शिकवते.

रविवारी शिबिर असलं की मी डॉ. साहूंच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसते. माझं काम एकच. येणाऱ्याला विचारायचं की संध्याकाळी कसं असतं, झोपून उठल्यावर कसं असतं. बहुतेक जण म्हणतात, दिवसभर सारखंच. मग मी त्यांना पुढच्या टेबलावर पाठवते. लंगडणाऱ्या प्रत्येकाला हा आजार नसतो, आणि तशी खोटी आशा मी कुणाला देणार नाही. पण तुमच्या घरातलं मूल दिवस चढेल तसं थकून वाकडं होत असेल, तर दोन व्हिडिओ काढा, एक सकाळी उठल्यावर आणि एक संध्याकाळी. ते मेंदूच्या डॉक्टरला दाखवा. घराण्यातल्या ज्या बाईला सगळे आळशी म्हणत, तिची आठवण काढा. आणि तोवर मुलावर विश्वास ठेवा. त्याला खर्च येत नाही.

गेल्या उन्हाळ्यात मी गोंदियाला चार दिवस राहून आले. रिद्धी आता अकरा वर्षांची आहे. दुपारी मी तिला माझी गोष्ट सांगत होते, साखरेच्या दुकानापासून सगळी. तिनं ऐकून घेतली आणि विचारलं,

"ताई, मैं भी गिरती थी क्या?"

मी म्हटलं, हो, भिंत धरून चालायचीस. तिनं मामीकडे पाहिलं. मामीनं मान हलवली. रिद्धीला काही ते पटलं नाही. मी गंमत करते आहे असं समजून ती चप्पल घालून खाली खेळायला गेली.

सात वाजले. गल्लीतले दिवे लागले. खाली पोरींची पकडापकडी चालली होती आणि रिद्धीचा आवाज सगळ्यांत वर ऐकू येत होता. मामीनं गॅलरीतून हाक मारली, अंधार पडला, आता वर ये. "पाँच मिनट," खालून उत्तर आलं. मामीनं पुन्हा हाक मारली. रिद्धी वळून न पाहता कोपऱ्यापलीकडे पळाली.

मामा आतून म्हणाले, "राहू दे. खेळू दे तिले."